मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

आपल्या गल्लीत, वाडीवर, पाड्यावर एक अंगणवाडी असतेच. एक-दोन खोल्या, भिंतीवर रंगवलेली फळं आणि प्राणी, दारात चपलांचा ढीग, आत खिचडीचा वास. देशभरात अशा जवळपास चौदा लाख अंगणवाड्या आहेत.

पण या जागेला "अंगणवाडी" का म्हणतात, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. बहुतेक ठिकाणी तर तिला धड अंगणही नसतं.

हे नाव कुणा सरकारी समितीच्या बैठकीत सुचलेलं नाही. त्यामागे डहाणूच्या किनाऱ्यावरचं एक गाव आहे, शाळेकडे न फिरकणारी मुलं आहेत आणि मुंबईत चांगला जम बसलेलं काम सोडून पन्नाशी उलटल्यावर त्या गावात राहायला आलेली एक बाई आहे. त्या बाईचं नाव ताराबाई मोडक.

सुधारकाच्या घरातली मुलगी

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलीला शिकवलं तर ती बिघडते असं मानणारी घरं तेव्हा आजूबाजूला भरपूर होती. केळकरांचं घर त्यातलं नव्हतं. जातीभेद मानायचा नाही, विधवांच्या पुनर्विवाहाला पाठिंबा द्यायचा, मुलींना शिकवायचं, अशा विचारांत ताराबाई वाढल्या.

१९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवी घेतलेल्या मराठी बायका शोधाव्या लागत. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं आणि त्या अमरावतीला गेल्या. पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या.

आजही हा निर्णय बाईला सोपा जात नाही. शंभर वर्षांपूर्वी, पदरात लहान मुलगी असताना तो काय असेल याचा अंदाज केलेला बरा. माहेरी परत जाऊन बसण्याऐवजी ताराबाईंनी नोकरी धरली, तीही थेट गुजरातमध्ये. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्रमुख झाल्या. शिक्षिका तयार करणारी ही संस्था. पद मानाचं होतं आणि पगारही बरा होता.

इथेच त्यांच्या कानावर भावनगरच्या एका वकिलाची गोष्ट आली.

वकिली सोडून बालमंदिर काढणारा माणूस

त्या वकिलाचं नाव गिजुभाई बधेका. स्वतःच्या मुलाला कसं शिकवायचं या विचारात असताना त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांचं लिखाण पडलं आणि त्यांनी वकिली गुंडाळली. नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत ते आले आणि १९२० मध्ये भावनगरला त्यांनी बालमंदिर सुरू केलं. मुलांवर त्यांचा इतका जीव की गुजरातेत लोक त्यांना "मूंछाळी मा" म्हणू लागले, म्हणजे मिशा असलेली आई.

आता यात एवढं नवल काय होतं?

त्या काळची शाळा डोळ्यांसमोर आणा. मास्तरांच्या हातात छडी. मुलं ओळीत मांडी घालून बसलेली. पाढे घोकायचे, चुकलं की मार खायचा. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला काही शिकवता येतं, हीच कल्पना लोकांना मान्य नव्हती. तेवढ्या वयाच्या मुलाने फक्त मोठं व्हायचं, बाकी काही नाही.

माँटेसरींचं म्हणणं याच्या अगदी उलट होतं. पहिल्या सहा वर्षांत मूल सगळ्यात जास्त शिकतं, आणि ते कुणी शिकवलं म्हणून नाही, तर हाताने करून शिकतं. म्हणून मुलाच्या उंचीचं फर्निचर हवं, हातात धरता येतील अशा वस्तू हव्यात, चूक झाली तर ती मुलाला स्वतःलाच दिसावी. बक्षीस नको आणि शिक्षाही नको.

ताराबाईंनी बालमंदिर पाहिलं. मुलं मार न खाता, न घाबरता, आपापल्या कामात गढलेली होती. १९२३ मध्ये त्यांनी राजकोटची प्रमुखपदाची नोकरी सोडली आणि भावनगरला गिजुभाईंच्या हाताखाली काम करायला गेल्या.

पुढची नऊ वर्षं त्या तिथे होत्या. मातृभाषा मराठी, पण लिखाण आणि काम गुजरातीत. दोघांनी मिळून माँटेसरी पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. माँटेसरींना लहान मुलांना परीकथा सांगणं फारसं पसंत नव्हतं. गिजुभाईंच्या बालमंदिरात मात्र गोष्ट हा शिक्षणाचा कणा होता. लोकगीतं, लोककथा, मातीकाम, नाच, नाटक हे सगळं तिथे आलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पालक आणि शिक्षकांसाठी "शिक्षण पत्रिका" निघू लागली, आधी गुजरातीत आणि पुढे मराठी आणि हिंदीतही.

दादरचं शिशुविहार

१९३२ मध्ये ताराबाईंनी भावनगर सोडलं आणि त्या मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केलं. मराठी मुलांसाठी बालमंदिर आणि त्याच्या जोडीला शिक्षिका तयार करणारं अध्यापन मंदिर.

काम उत्तम चाललं. मध्यमवर्गीय पालक आपली मुलं तिकडे घालू लागले. छडीशिवाय शाळा चालते हे दादरकरांनी डोळ्यांनी पाहिलं. "बालशिक्षण" हा शब्द मराठी घरात रुजायला लागला.

एखाद्याने इथेच थांबून आयुष्य समाधानात काढलं असतं. पण इथे एक अडचण होती आणि ती ताराबाईंना टोचत होती.

माँटेसरींनी आपलं पहिलं बालगृह १९०७ मध्ये सुरू केलं, ते रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत. आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर उंडारणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत जन्माला आली होती. भारतात येईपर्यंत मात्र ती पैसेवाल्यांची झाली. लाकडी ठोकळे, दट्टे, रंगाच्या पट्ट्या, सगळं ठरावीक मापाचं आणि महागडं. ती साधनं घेण्याची ऐपत ज्यांची, त्यांचीच मुलं माँटेसरीत. जी शाळा गरिबांसाठी निघाली, तिच्या दारात गरिबाचं मूल दिसत नव्हतं.

त्याच सुमारास गांधीजींच्या नई तालीमची चर्चा देशभर चालू होती. बहुसंख्य मुलं खेड्यात राहतात, मग बालशिक्षण शहरात बसून कसं चालेल, हा प्रश्न ताराबाईंनी स्वतःलाच लावून घेतला. आणि १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला आल्या.

बोर्डीत पहिलाच धक्का

बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. किनाऱ्यावर वाड्या आणि बागायती, आणि आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे. त्या पाड्यांची स्थिती भयाण होती. जमीन सावकाराची, जंगल ठेकेदाराचं, आणि वारल्यांच्या वाट्याला वेठबिगारी. १९४५ मध्येच गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली याच भागात वारल्यांचं वेठबिगारीविरुद्धचं आंदोलन उभं राहिलं. म्हणजे एकीकडे बाप वेठीतून सुटायला लढत होता आणि त्याच भागात त्याच्या मुलासाठी बालवाडी निघत होती.

या कामात ताराबाईंना एक साथीदार मिळाली. तिचं नाव अनुताई वाघ. १९१० चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. तरीही त्या शिकल्या आणि पुण्यात शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये बोरिवलीला ग्रामसेविकांचं शिबिर होतं, तिथे त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. थोडे दिवस मदत करावी म्हणून आलेल्या अनुताई मग परत गेल्याच नाहीत.

बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. गावाच्या मध्यावर बालवाडी भरू लागली. दादरचा अनुभव गाठीशी होता, शिकवणाऱ्या बाया मनापासून काम करणाऱ्या होत्या.

आणि ज्या मुलांसाठी हा खटाटोप, तीच येईनात.

गावातल्या बऱ्या घरची मुलं आली. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यावरची आली नाहीत. कारणं शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आई पहाटे मजुरीला जाणार, मग धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सांभाळायचं कोणी? सहा-सात वर्षांच्या बहिणीने. मुलगा थोडा मोठा झाला की गुरांमागे. अंगावर धड कपडा नाही, मग गावातून चालत शाळेत जायचं कसं? शिवाय गावाच्या मध्यावरची जागा कोणाची आहे आणि आपण तिथे बसायचं नसतं, हे त्या मुलांना कुणी न सांगता माहीत होतं.

शाळेची वेळ, शाळेची जागा, शाळेची भाषा, सगळं शाळेच्या सोयीचं होतं. त्यात मुलाच्या सोयीचं काहीच नव्हतं.

मग शाळाच उठली आणि चालू लागली

बहुतेक शाळांनी इथे काय केलं असतं? या लोकांना शिक्षणाची आवड नाही, असा शेरा मारून मोकळ्या झाल्या असत्या. तो शेरा आजही ऐकू येतो.

ताराबाईंनी शाळा उचलून वस्तीत नेली. गावाच्या मध्यावर चालते ती मध्यवर्ती बालवाडी, आणि वस्तीत कुणाच्या तरी अंगणात भरते ती अंगण-बालवाडी. हीच पुढे अंगणवाडी झाली.

शिक्षिका सकाळी वस्तीत जायची. एखादं अंगण झाडून घ्यायची आणि मुलं गोळा करायची. पहिलं काम अक्षरांचं नव्हतंच. पहिलं काम होतं मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, डोकं विंचरणं, खरूज-गळू असेल तर धुऊन औषध लावणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. वेळ वस्तीच्या सोयीची. धाकटं भावंड कडेवर असेल तर तेही चालेल.

ही अंगणातली शाळा उघड्यावर होती आणि त्यातच तिचं मोठं यश होतं. दारात उभ्या राहून आया बघायच्या. बाई आपल्या पोराला शिवते, न्हाऊ घालते, मारत नाही, हे त्यांना दिसायचं. मुलाला कसं धुवावं, काय खाऊ घालावं, हे भाषण न देता आईपर्यंत पोचायचं. ज्या काळात शिवाशिव सर्रास पाळली जायची, त्या काळात बाहेरच्या बाईने वस्तीत येऊन मुलांची डोकी विंचरणं ही साधी गोष्ट नव्हती.

साधनांचा प्रश्नही त्यांनी असाच सोडवला. लाकडी ठोकळ्यांऐवजी शंख-शिंपले, चिंचोके, गुंजा, खडे, काड्या, पानं, फुलं, माती. मोजणी शिंपल्यांनी करायची, लहान-मोठं खड्यांवरून ओळखायचं, रंग पानाफुलांतून, आकार मातीतून. माँटेसरींचा विचार तोच ठेवला, पण सामान समुद्रकाठचं आणि रानातलं वापरलं. खर्च जवळपास शून्य. मुलांना या वस्तू अनोळखी वाटत नव्हत्या, कारण त्या रोजच्या खेळातल्याच होत्या.

टेकडीवरची शाळा

१९५७ मध्ये हे काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. आता आजूबाजूला पूर्णपणे वारली पाडे होते. ताराबाईंनी तेव्हा पासष्टी गाठली होती.

इथे प्रश्न आणखी अवघड झाला. बालवाडीतलं मूल गाण्या-गोष्टींना येऊन बसतं, पण प्राथमिक शाळेच्या वयाचं मूल घरात कमावणारं असतं. ते गुरं राखतं, लाकडं आणतं, भावंडं सांभाळतं. पहिलीत नाव घातलं तरी ते महिन्याभरात गळतं. आणि पहिली-दुसरीत गळलेल्या मुलाच्या वाट्याला हायस्कूल येतच नाही, मग सरकारने ते कितीही जवळ बांधू दे.

यावर दोन उपाय झाले.

पहिला उपाय म्हणजे कुरणशाळा. मुलं गुरं घेऊन माळावर जातात ना, मग शिक्षकानेही माळावर जायचं. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली बसलीयत, आणि तिथेच गणती, गाणी, अक्षरओळख, झाडांची नि पाखरांची माहिती चाललीय. रानातल्या कित्येक गोष्टी मुलांना शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक. मूल अडाणी आहे असं समजून शिकवायला सुरुवात करायची नाही, हा धडा यात शिक्षकांसाठी होता.

दुसरा उपाय होता विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. आठ वर्षांच्या मुलीला शाळेत यायचं असेल तर तिच्या कडेवरच्या बाळाची सोय आधी झाली पाहिजे, हे यामागचं साधं गणित. बाळ पाळणाघरात, मधलं भावंड बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात.

याचा दुसरा फायदाही होता. बालवाडीत खेळत शिकलेलं मूल पहिलीत गेलं की अचानक बाकावर हात बांधून बसवायचं, हा झटका टळला. बालवाडीतून शाळेत जाणं म्हणजे एका घरातल्या एका खोलीतून दुसरीत जाण्याइतकं सहज झालं. वर्गाची भाषाही एका दिवसात बदलली नाही. मुलाची वारली बोली आधी, मग हळूहळू पुस्तकी मराठी.

सगळं गोडच झालं असं नाही. पेरणी-कापणीच्या दिवसांत मुलं कमी व्हायची. पोट भरण्यासाठी कुटुंबं स्थलांतर करायची, त्यांच्याबरोबर मुलंही जायची. शाळेने गरिबी संपत नाही, हे या बायकांना रोज दिसत होतं. तरी काम थांबलं नाही, कारण गरिबी संपेपर्यंत मुलाचं बालपण वाट बघत बसत नाही.

पद्मभूषण, आणि नंतर

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरातल्या ३३ प्रकल्पांपासून सुरुवात झाली. सहा वर्षांखालच्या मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण, आणि सोबत गरोदर आणि स्तनदा मातांची काळजी. ज्या केंद्रातून हे सगळं चालणार, त्याचं नाव होतं अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातला शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत पोचला. हे बघायला ताराबाई नव्हत्या.

कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे नेलं, १९९२ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. थोड्या दिवसांसाठी आलेली ती शिक्षिका सत्तेचाळीस वर्षं तिथे राहिली.

आज हे कशाला वाचायचं?

कारण ताराबाईंनी ज्या चुका दुरुस्त केल्या, त्याच आपण नव्याने करतोय.

तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन एबीसीडी गिरवून घेणारी नर्सरी आज गल्लोगल्ली आहे. पालकही वहीत किती पानं भरली यावर शाळेची किंमत करतात. मुलाची बोटं आधी माती मळून, मणी ओवून तयार व्हावी लागतात, लिहिणं नंतर आपसूक येतं, हे भावनगर आणि दादरमध्ये शंभर वर्षांपूर्वीपासून सांगून झालेलं आहे.

अंगणवाडीचंही तेच. खिचडी शिजली, वजनं घेतली, रजिस्टर भरलं की दिवस संपतो. सेविकेच्या डोक्यावर इतकी सरकारी कामं आहेत की गाणी-गोष्टींना वेळ उरत नाही. पोषण आणि आरोग्य हवंच, ताराबाईंच्या अंगणातही आंघोळ आधी आणि अक्षर नंतर होतं. पण आंघोळीनंतर गोष्ट असायची. ती गोष्ट मधल्या मध्ये गळू लागली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा एकच "पायाभूत" टप्पा केला. म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र, शिकणं खेळातून, आणि शक्य तिथे घरच्या भाषेत. कागदावर ही गोष्ट नवी वाटते. कोसबाडच्या टेकडीवर ती पन्नाशीच्या दशकातच चालू झाली होती, चिंचोके आणि शिंपल्यांवर.

पुढच्या वेळी एखादं मूल दांड्या मारतं, अभ्यासात रमत नाही, शाळा सोडून देतं, अशी तक्रार कानावर आली तर ताराबाईंनी बोर्डीत केलं तसं करून बघता येईल. मुलाकडे बोट दाखवायच्या आधी शाळेची वेळ, जागा आणि भाषा तपासायची. आणि त्या मुलाच्या कडेवर कोण आहे, तेही बघायचं.